किरकोळ दुखापतीची तीन वर्षं

नोकरीची 31 वर्षं मी बडोद्यात एका विमा कंपनीच्या मोटार क्लेम विभागात काढली. त्या काळात ‘किरकोळ’ हा शब्द मी किती फायलींवर लिहिला असेन याची मोजदाद नाही. पोलिसांच्या कागदावर तो आधीच लिहून आलेला असायचा, आम्ही फक्त उतरवून घ्यायचो. माणूस गेला की फाईल जाड. हात किंवा पाय गेला की मध्यम. बाकी सगळं किरकोळ. कुणाचा हेतू वाईट नसे. टेबलावर ढीग असला की माणूस चाळण लावतो, आणि हा शब्द चाळणीचं काम चोख करायचा.

मग 2022 च्या नोव्हेंबरात, लाभपाचमीनंतर बाजार पुन्हा भरू लागले होते त्या आठवड्यात, माझ्या मावशीला विजेच्या स्कूटरने उडवलं. ‘उडवलं’ हा माझा शब्द. ती स्वतः ‘धक्का लागला’ एवढंच म्हणते.

खंडेराव मार्केटच्या मागच्या बाजूने ती फुलं आणि मेथी घेऊन निघाली होती. वय तेव्हा 68. दांडिया बाजारातल्या घरून मार्केटला चालत जाणं आणि चालत येणं हा तिचा चाळीस वर्षांचा नेम, रिक्षा करणं ही तिच्या लेखी उधळपट्टी. फुटपाथवर लाऱ्या, म्हणजे विक्रेत्यांच्या हातगाड्या, आणि लाऱ्यांपुढे उभ्या केलेल्या दुचाकी, म्हणून ती नेहमीसारखी रस्त्याच्या कडेने चालत होती. स्कूटर उलट्या बाजूने आली. चालवणारा मुलगा 17 वर्षांचा, पाठीवर घरपोच सामानाची चौकोनी पिशवी. तो पळाला नाही, हे लिहिलंच पाहिजे. त्यानेच रिक्षा थांबवली, मावशीला उचलून बसवलं आणि वाटभर एकच वाक्य म्हणत राहिला, ‘मासी, हॉर्न मारवानो रही गयो.’ मावशी, हॉर्न मारायचा राहून गेला. दुसऱ्या दिवशी त्याची आई सफरचंदं आणि दोन हजार रुपये घेऊन आली. मावशीने सफरचंदं ठेवून घेतली, पैसे परत केले.

मी मात्र जुन्या सवयीने गाडी बघायला गेलो. पॉलिसी शोधायची तर आधी नंबर हवा. मागे पाहिलं, पुढे पाहिलं, नंबरप्लेटच नव्हती. मुलगा म्हणाला, ‘काका, या गाडीला लागत नाही.’ आणि त्याचं म्हणणं बरोबर होतं.

मोटार वाहन कायदा 1988 चा. ‘मोटार वाहन’ म्हणजे काय हे सांगताना त्यात चारपेक्षा कमी चाकांची, 25 सीसीपर्यंतच्या इंजिनाची वाहनं वगळलेली आहेत. सायकलीला चिमुकलं इंजिन लावून कुणी कामावर जात असेल तर त्याला कशाला आरटीओच्या खिडकीवर उभं करा, असा तो साधा, दयाळू विचार. विजेची वाहनं आली तेव्हा नियमांत त्यांच्यासाठीही तसंच दार ठेवलं गेलं. मोटरची शक्ती 250 वॉटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी, बॅटरी सोडून वजन 60 किलोपर्यंत, की ते मोटार वाहन नव्हे. म्हणून नोंदणी नाही, नंबर नाही, लायसन्स नाही, विमा नाही. हे दार सायकलवाल्यासाठी उघडलं होतं. आज त्यातून दिवसाला चाळीस-पन्नास पार्सलं पोचवणारी, भाड्याने मिळणारी गाडी बाहेर पडते आणि तिच्यावर लायसन्स नसलेला मुलगा कायदेशीरपणे बसतो. वेगाचा लगाम सैल करून देणारे मेकॅनिक आहेतच, पण तो भाग सध्या सोडून देतो. लगाम शाबूत असलेल्या गाडीबद्दलच बोलू.

ताशी 25 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे सात मीटर. आठ फुटांवरून सोडलेली वस्तू जमिनीला टेकताना याच वेगात असते. आमच्या जुन्या वाड्यांतला माळा साधारण तेवढ्याच उंचीवर असतो. गाडी, बॅटरी, मुलगा आणि पाठीवरचं सामान मिळून दीडशे किलोच्या आसपास. 45 च्या वेगाने जाणाऱ्या नोंदणीकृत स्कूटरसाठी हाच हिशेब केला तर उंची 26 फूट निघते, तेव्हा 25 ची गाडी तुलनेने सौम्य हे खरं. पण ही तुलना चालवणाऱ्याच्या सोयीची झाली. अंगावर गाडी येणाऱ्या 68 वर्षांच्या बाईच्या हाडांना 26 फूट आणि आठ फूट यांत निवड करायला कुणी सांगितलं नव्हतं.

एक खुलासा इथेच करून टाकतो. परदेशातल्या बातम्यांत ‘ई-स्कूटर’ म्हणतात ती उभं राहून चालवायची फळीवजा गाडी असते, आपली बसून चालवायची. तिकडे या विषयावर बरंच संशोधन झालंय. कॅलिफोर्नियातल्या दोन रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांतल्या नोंदींचा 2019 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. ई-स्कूटरमुळे जखमी होऊन आलेल्या 249 जणांत 21 जण गाडीवर बसलेलेच नव्हते. त्यांतल्या 11 जणांना गाडीने धडक दिली होती, पाच जण उभ्या करून ठेवलेल्या गाडीला अडखळून पडले होते, आणि पाच जणांना गाडी उचलता-हलवताना लागलं होतं. अभ्यास चांगला आहे. पण त्यात जो दिसतो तो दवाखान्यात आलेल्या दिवसाचा माणूस. तिथून घरी गेलेला माणूस त्या तक्त्यांतून बाहेर पडतो, जसा माझ्या फायलींतून पडायचा.

मावशी मला दिसत राहिली, कारण ती मावशी.

तिचा उजवा गुडघा गेला. नेमकं सांगायचं तर नडगीच्या हाडाचं वरचं टोक, ज्याच्यावर गुडघा टेकलेला असतो, ते फुटलं. डॉक्टर त्याला बोलीत ‘बंपर फ्रॅक्चर’ म्हणतात, कारण मोटारीचा बंपर पायी चालणाऱ्याला बरोबर तिथे लागतो. स्कूटरचं पुढचं चाक आणि मडगार्डही फार वर-खाली नसतं. ऑपरेशन झालं, पट्टी आणि स्क्रू बसले, हाड तीन महिन्यांत जुळलं. एक्स-रे पाहून सर्जन खूश होते, आणि त्यांचं काम खरोखर उत्तम होतं. अडचण हाडाची नसतेच. त्या टोकावर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. त्याला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे तो एकदा चिरडला की पूर्वीसारखा भरून येत नाही. सांध्याच्या पृष्ठभागावर थोडीशी पायरी राहिली तरी पुढचं प्रत्येक पाऊल त्या पायरीवर घासतं. दोन वर्षं, पाच वर्षं, दहा वर्षं, मग संधिवात, मग सांधा बदलण्याची गोष्ट निघते. मावशीच्या बाबतीत ती दुसऱ्या वर्षीच निघाली.

तोवर तिची मांडी गेली होती. हे मराठी घराबाहेरच्या माणसाला कदाचित क्षुल्लक वाटेल. पाटावर बसून नैवेद्य दाखवणं, भजनी मंडळात सतरंजीवर दोन तास बसणं, नातवाला मांडीवर घेऊन न्हाऊ घालणं, जुन्या पद्धतीचा संडास. गुडघा 90 अंशांपर्यंत वाकला तर खुर्चीवर बसता येतं आणि कागदावर ‘समाधानकारक’ असं लिहिता येतं. आपलं अर्धं आयुष्य 90 अंशांच्या पलीकडे असतं. भजनी मंडळाच्या बायकांनी तिच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची आणली. सगळ्या खाली आणि आपण एकटी वर, हे तिला पाहवेना. तिने जाणं सोडलं.

मांडीचे स्नायू त्याच्याही आधी गेले. 2007 साली अमेरिकेत एक प्रयोग झाला होता. निरोगी, साधारण 67 वर्षांच्या माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तर दोन्ही पायांतलं मिळून जवळजवळ एक किलो मांस झडलं. फक्त दहा दिवस, आणि तेही कोणतीही इजा नसताना. मावशी सहा आठवडे पाय टेकवू शकत नव्हती. ज्या शहरात जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रोफेसर माणिकरावांनी पिढ्यान्‌पिढ्या पोरांना शरीर कमवायला शिकवलं, तिथल्या लोकांना कमवायला किती वर्षं लागतात ते ठाऊक आहे. गमवायला किती दिवस लागतात ते मला मावशीच्या पलंगाशेजारी बसून कळलं.

आणि वास. ही गोष्ट आम्हाला दोन महिने कळलीच नाही. पडताना तिचं डोकं रस्त्याला लागलं होतं, क्षणभर शुद्ध हरपली होती. सीटी स्कॅन स्वच्छ आला म्हणून सगळे निश्चिंत झालो. एक दिवस वहिनीने हिंगाची फोडणी दिली आणि मावशी म्हणाली, ‘अगं, हिंग संपला का?’ नाकाच्या मुळाशी एक चाळणीसारखं हाड असतं. वासाच्या नसांचे बारीक तंतू त्याच्या भोकांतून मेंदूत जातात. डोक्याला हिसका बसला की ते तिथेच तुटू शकतात, आणि स्कॅनमध्ये काहीही दिसत नाही. काहींचा वास हळूहळू परत येतो. तिचा आला नाही. आता दूध करपलं तरी तिला कळत नाही. गॅस गळला तर कळावा म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचं रसायन मिसळतात, त्याचा या घरात एका माणसापुरता उपयोग संपला आहे. त्यामुळे तिला स्वयंपाकघरात एकटीला सोडत नाहीत. पन्नास वर्षं जे तिचं राज्य होतं तिथे ती आता परवानगीने जाते. कोणत्या फॉर्मवर मी हे कोणत्या रकान्यात लिहिलं असतं? खरंच सांगतो, मी लिहिलंच नसतं.

वहिनी संध्याकाळी शिकवण्या घ्यायची. त्या पहिल्या महिन्यात बंद झाल्या आणि पुन्हा सुरू झाल्या नाहीत. मावशीची दुखापत वहिनीच्या उत्पन्नातून वजा झाली.

आता कायद्याचं कॅलेंडर पाहू. शरीराच्या कॅलेंडरशी ते कुठे जुळतं का, हे शोधण्यात मी निवृत्तीनंतरचे बरेच रिकामे दिवस घालवले.

अपघातग्रस्तांवर विनारोकड उपचार करण्याची केंद्राची योजना मे 2025 मध्ये लागू झाली. दीड लाख रुपयांपर्यंत खर्च, अपघातापासून सात दिवस. योजना चांगली आहे, पहिल्या तासांत पैशांवाचून अडलेली माणसं मी पाहिली आहेत. पण तिची हद्द सात दिवस, आणि तीही मोटार वाहनाच्या अपघाताला. 250 वॉटच्या आतली गाडी मोटार वाहन नाही, म्हणजे आठव्या दिवसाचा प्रश्नच नको, पहिल्या दिवशीच अडचण. फौजदारी कायद्यात ‘गंभीर दुखापत’ ठरवताना माणूस किती दिवस तीव्र वेदनेत किंवा नित्याच्या कामाला असमर्थ होता हे एक माप आहे. जुन्या दंडसंहितेत ते 20 दिवस होतं, जुलै 2024 पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत 15 केलं. हाड मोडलं तर दुखापत आपोआप गंभीर धरतात. पण वास गेला तर? डोळा, कान हे त्या यादीत नावानिशी आहेत. नाक नाही. अपघाती मृत्यूची सरकारी व्याख्या अपघातानंतर 30 दिवसांच्या आतल्या मृत्यूची. खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचातला एक ते तिनातला एक वर्षभरात जातो, असं जगभरचे अभ्यास सांगत आले आहेत. त्यांतले एकतिसाव्या दिवसानंतर गेलेले रस्त्याच्या खात्यात जमा होत नाहीत, ते वार्धक्याने गेले असं आपण तेराव्याला म्हणतो. आणि नुकसानभरपाईच्या दाव्याची मुदत सहा महिने. मावशीचा गुडघा बदलावा लागेल हे सहाव्या महिन्यात कुणालाच माहीत नव्हतं.

2022 सालच्या सरकारी अहवालात देशातल्या रस्त्यांवर 1,68,491 मृत्यू आहेत, त्यांत 32,825 पायी चालणारे. जखमी 4,43,366. मृतांचे तक्ते पानोपानी आहेत: वयानुसार, वाहनानुसार, रस्त्यानुसार, वेळेनुसार. जखमींचं वर्षानंतर काय झालं याचा तक्ता नाही.

न्यायालयं मात्र या बाबतीत कार्यालयांच्या पुढे आहेत, आणि हे मी आयुष्यभर त्यांच्या समोरच्या बाजूला बसून म्हणतोय. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2010 सालीच सांगितलं की डॉक्टरने लिहिलेली अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईची झालेली हानी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गेलेला सुतार आणि डावा हात गेलेला सरकारी कारकून यांची टक्केवारी एकच असली तरी नुकसान एक नसतं. पुढे जानेवारी 2021 च्या कीर्ती खटल्याच्या निकालात गृहिणीच्या कामाचं मोल धरताना न्यायालयाने सरकारच्याच वेळ-वापर पाहणीचा आधार घेतला. घरच्या बिनपगारी कामात बाई दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवते, पुरुष 97. मी तो निकाल वाचला तेव्हा मला मावशीच्या आधी माझ्या जुन्या फायली आठवल्या. ‘व्यवसाय: गृहिणी. उत्पन्न: नाही.’ हे माझ्याच अक्षरात आहे.

पण ही सगळी न्यायबुद्धी ज्या दारातून आत शिरते त्या दारावर ‘मोटार वाहन’ अशी पाटी आहे. मोटार अपघात न्यायाधिकरण मोटार वाहनाचंच. कमी वेगाच्या स्कूटरने उडवलेल्या माणसाने जायचं ते दिवाणी कोर्टात, आणि दावा लावायचा 17 वर्षांच्या मुलाच्या आईवर, जी दोन हजार रुपये घेऊन आली होती. आमच्यात तो कुणी लावला नाही. लावूही नये असं माझं मत आहे.

म्हणूनच माझी मागणी त्या मुलाच्या विरुद्ध नाही. रस्त्यावर मोटरच्या जोरावर चालणाऱ्या प्रत्येक दुचाकीला, तिचे वॉट कितीही असोत, नंबर आणि तृतीय पक्षाचा विमा, म्हणजे गाडीने ज्याला लागलं त्याला भरपाई देणारा विमा हवा, एवढंच मला म्हणायचंय. लायसन्स, हेल्मेट, पथकर यांचा वाद नंतर घालू. नंबर हवा म्हणजे गाडी सापडेल. विमा हवा म्हणजे त्या आईला पाकीट घेऊन यावं लागणार नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो खर्चाचा. मी जन्मभर हेच विकलं, म्हणून आकडा सांगतो. 2022 मध्ये ठरलेल्या दरांनुसार तीन किलोवॉटपर्यंतच्या विजेच्या दुचाकीचा तृतीय पक्ष विमा वर्षाला 457 रुपये. दिवसाला सव्वा रुपया. तोही नोंदणीकृत, जास्त वेगाच्या गाडीचा. 250 वॉटच्या गाडीचा याहून कमी ठरवता येईल, ठरवावाच. आणि पार्सलवाल्या गाड्या बहुतेक वेळा मुलाच्या मालकीच्या नसतातच, त्या भाड्याने देणाऱ्या कंपन्यांच्या असतात. हप्ता मालकाने भरायचा. शेकडो गाड्या रस्त्यावर सोडणाऱ्याला तो परवडत नाही असं कुणी म्हणालं तर मी त्याची ताळेबंदाची वही पाहायला मागेन.

दुसरा आक्षेप, एवढ्या हळू गाडीला विमा कशाला? जर्मनीने जून 2019 पासून रस्त्यावर ई-स्कूटर येऊ दिल्या त्या ताशी 20 किलोमीटरच्या मर्यादेवर आणि विम्याच्या चिकटपट्टीसह. आपल्यापेक्षा पाच किलोमीटरने हळू, तरी विमा. वेग कमी असला तर हप्ता कमी होतो, जबाबदारी शून्य होत नाही, हे त्यांना कळलं ते आपल्याला कळण्यासारखं आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत सच्चा, आणि तो माझ्या घरातूनच आला. भाची म्हणाली, ‘मामा, पेट्रोलच्या गाड्या याहून कितीतरी जास्त लोकांना उडवतात, तुम्ही विजेच्याच मागे का?’ तिच्याकडे स्वतःची विजेची स्कूटर आहे, नंबरवाली. तिच्या म्हणण्यात दम आहे. धूर नाही, खर्च कमी, कॉलेजच्या मुलींना आणि माझ्यासारख्या म्हाताऱ्यांना चालवायला हलकी. गुजरात सरकारने 2021 च्या धोरणात विजेच्या दुचाकीला 20,000 रुपयांपर्यंत अनुदान दिलं ते योग्यच होतं. या गाड्या आमच्या बडोद्यातही बनतात, त्यावर घरं चालतात. मला त्या बंद व्हायला नकोत. पेट्रोलची गाडी उडवते तेव्हा निदान मागे नंबर असतो, पॉलिसी असते किंवा असायला हवी असते, न्यायाधिकरण असतं. पेट्रोलच्या गाडीचे गुन्हे जास्त आहेत म्हणून तिच्यासाठी वही आहे. विजेच्या या एका वर्गासाठी वहीच नाही, माझं भांडण तेवढंच आहे.

आवाजाबद्दल मात्र भाचीशी माझं पटलं नाही. आपण दुचाकीला ‘फटफटी’ म्हणालो ते तिच्या आवाजावरून. छकडा, म्हणजे गुजरातेतली फटफट करणारी तिचाकी, तर दोन गल्ल्या अलीकडूनच वर्दी देतो. आमच्या पिढीची माणसं रस्ता कानाने ओलांडतात, डोळे नंतर वळतात. विजेची स्कूटर हळू वेगात जवळजवळ निःशब्द असते. टायरचा घासणारा आवाज यायला लागतो तो वेग वाढल्यावर, म्हणजे बाजारात तो येतच नाही. युरोपात 2021 पासून प्रत्येक नव्या विजेच्या मोटारीला हळू वेगात कृत्रिम आवाज करावा लागतो. आपल्या रस्ते मंत्रालयानेही सप्टेंबर 2025 मध्ये तसा मसुदा काढला, पण मोटारी, बस आणि मालट्रकांसाठी. ज्या वाहनांनी आपले गल्लीबोळ भरलेत त्या दुचाकींचा त्यात समावेश नाही. भाची म्हणते, आधीच शहरात कमी गोंगाट आहे का? मला या प्रश्नाचं चांगलं उत्तर देता येत नाही. मंगळ बाजारात उभं राहून आणखी एक आवाज मागायचा धीर मलाही होत नाही. कदाचित उपाय उलटा असेल: लहरीपुरा दरवाजा ते मांडवी या पट्ट्यात भर बाजाराच्या वेळी मोटरवर चालणारं काहीच नको.

फुटपाथवर मी फार लिहीत नाही. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फुटपाथ वापरण्याचा हक्क हा घटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं म्हटलं. मावशी त्या दिवशी फुटपाथवर असती तर हा लेख नसता. पण लाऱ्यावालाही जगण्याचाच हक्क सांगतो, आणि त्या भांडणाचा निकाल लागेपर्यंत कितीजणी रस्त्याच्या कडेनेच चालणार आहेत. विमा त्या मधल्या काळासाठीच असतो.

दुसरी मागणी लहान आहे आणि तिला जवळजवळ काहीच खर्च नाही. पोलीस आता प्रत्येक अपघाताची नोंद संगणकावर करतात, जखमीचा मोबाईल नंबर त्यात असतो. त्या नंबरवर सहा महिन्यांनी एकदा आणि वर्षाने एकदा फोन जावा. गॅस सिलिंडर पोचला का हे विचारायला मला फोन येतो, बँकेतून निघालो की ‘सेवा कशी वाटली’ असा संदेश येतो. रस्त्यावर हाड मोडलेल्या माणसाला वर्षभरात कुणीही काहीही विचारत नाही. दोन फोन झाले तर पाच वर्षांत आपल्याकडे असा तक्ता तयार होईल जो आज देशात नाही: कोणत्या गाडीने, कोणत्या वेगाने, कोणत्या वयाच्या माणसाचं किती आयुष्य किती काळ अडवलं. मग 250 वॉटची मर्यादा योग्य की अयोग्य यावर माझ्यासारख्याला मावशीचं उदाहरण घेऊन लेख लिहावा लागणार नाही.

फक्त प्रश्न नीट ठरवावा लागेल. ‘तब्येत कशी आहे?’ असं विचारलं तर मावशी ‘बरी आहे’ म्हणेल. ती सर्जनलाही तेच म्हणाली, त्या मुलाच्या आईलाही तेच, आणि मी दर रविवारी विचारतो तेव्हा मलाही तेच म्हणते. तिला विचारायला हवं, खंडेराव मार्केटला शेवटच्या कधी गेला होतात? त्याचं उत्तर तिला तारखेसकट पाठ आहे.